कडता

छत्तीस वर्षं काटा धरला मी,
निपाणीत, मुरगूड रोडच्या पत्र्याच्या वखारीत.
तंबाखूचा बोद चढवायचा, वजन ओरडायचं,
मग बारदानाचा म्हणून, मातीचा म्हणून,
आणि कशाचाच नाही म्हणून
दीड किलो कडता वजा.
तो कुणाच्या वहीत जायचा
हे विचारायची आमच्यात रीत नव्हती.

आता काटा नाही. हात मात्र अजून तोलतात.
भाजीची जुडी, पोराचं दप्तर, बादली.

हौसाची बोटं गेल्या पौषात आखडली.
तीस वर्षं विड्या वळलेली बोटं,
थंड पाणी लागलं की मुठीतच राहतात.
म्हटलं, भांडी मी घासतो.
म्हणाली, तुमच्या हातनं कढईचं बूड कवा निघालंय?
मग गीझर.

गीझर मागे न्हाणीत, नळ पुढे स्वयंपाकघरात,
मधे भिंतीतून एकोणतीस फूट पाइप.
नळ सोडला की आधी थंडच येतं.
किती? तांब्यानं मोजलं.
साडेतीन तांबे.
चौथा कोमट, पाचव्याला हात पोळतो,
तोवर दोन ताटं, एक वाटी धुऊन झालेली असते
आणि हौसा नळ बंद करते.

त्या दिवशी तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो.
नळ बंद झाला,
पण भिंतीच्या पोटात या घडीला
साडेतीन तांबे कढत पाणी उभं आहे.
तापवलं आम्ही. बिल आमच्या नावावर.
आणि ते कुणाच्याच ताटाला लागणार नाही.
गिलाव्यावर नेमक्या त्याच रेषेत
एक पाल पोट टेकून बसलेली,
डोळे मिटून, सावकारासारखी.

मी ओळखलं त्याला. जुना माणूस.
कडता.

संकेश्वरचा शिवलिंग प्लंबर आला,
भिंतीवर बोटांनी टकटक करत गेला.
पाऊण इंची कशाला घातलासा? अर्धा इंची पुरत होती की.
जाड पाइप म्हणजे जास्त पाणी अडकून बसतंय.
भिंत फोडू, नवी घालू, वर फोम गुंडाळू.
अकरा हजार.
चहा पिऊन गेला. मी बघतो म्हणालो.

हेस्कॉमचं बिल कानडीत येतं,
मी फक्त खालचा आकडा वाचतो.

माळ्यावर वखारीतली बारदानं होती, सात.
रिटायर होताना शेटनं शालीबरोबर दिलेली.
गच्चीवर एक डबा काळा रंगवून ठेवला,
त्यात पाणी, वर काच.
दोन वाजता हात घालवेना इतकं तापलं.
ते झाकणाच्या पातेल्यात ओतलं,
पातेलं लाकडी खोक्यात,
आणि चारी बाजूंनी बारदान ठासलं,
बोद भरतात तसं, गुडघ्यानं दाबून.

ढग असले की जमत नाही.
आषाढात तर खोकं नुसतं अडगळ होणार,
तेव्हा चुलीवरच एक तपेलं, लागेल तेवढंच, झाकून.
पण हे माघातलं ऊन, फुकटचं.

रात्री साडेआठला झाकण काढलं.
हौसा शिंकली.
पाण्याला तंबाखूचा वास मारतोय, म्हणाली,
आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले.

भांडी तशीच होती बाजूला.
तिनं काही उचललं नाही बराच वेळ.
पाण्याखाली बोटं हळूहळू उलगडली,
मग आपोआप वळायला लागली,
पान नाही, सूत नाही,
तरी अंगठा तसाच दाबत, शेवटी मुडपत.
मी विचारलं, आणि ओतू?
तर कारखान्यातल्या बायकांकडून शिकलेलं
तिच्या तोंडातून आलं, साकु.
पुरे.

भिंतीवरची पाल
पुढचे दोन-तीन दिवस तिथंच येऊन बसली.
पोट टेकायची, उचलायची, परत टेकायची.
मग दिसली नाही.
शेजारच्या बोरगल्यांकडे गेली असेल,
त्यांचा पाइप आमच्याहून लांब आहे.